आठवीचा वर्ग आणि आमच्या अध्यक्ष

आमच्या शाळेच्या अध्यक्षांना त्यांच्या नावाने हाक मारणारं माणूस मी पाहिलं नाही. मोरिवलीतल्या शेजारणी त्यांना अध्यक्ष म्हणायच्या, भाजीवाला अध्यक्ष म्हणायचा, आणि उल्हासनगरच्या ज्या सिंधी शेठकडून त्या काम आणायच्या तोही फोनवर "अध्यक्ष, माल रेडी है, आ जाओ" म्हणायचा. त्यांचे यजमान एका रंगाच्या कंपनीत होते. फार कमी बोलायचे. तेसुद्धा ड्युटीवरून आले की दारातूनच "अध्यक्ष, चहा मिळेल का?" असं विचारायचे. त्यात चेष्टा होती की आदर, ते त्यांच्या तोंडावरून कधी कळायचं नाही. सुरुवातीला कुणीतरी हसायलाच म्हटलं असणार. पण बाईंनी ती हाक अशी काही उचलली की हसणाऱ्याचीच पंचाईत झाली. रस्त्यात कुणी "काय अध्यक्ष?" म्हटलं की त्या थांबायच्या आणि गंभीरपणे विचारायच्या, "बोल. तक्रार हाय का सूचना?"

त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. आता मी कॉलेजात आहे, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही लिहायला घेतलं की आपलं चुकेल असं वाटत राहतं. शिवाय त्या कशा दिसायच्या तिथून सुरुवात करावी म्हटलं, तर त्या एका जागी उभ्या राहिलेल्या मला आठवतच नाहीत. आठवतात त्या बसलेल्या. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून, पुढ्यात जीन्स पँटींचा ढीग, हातात छोटा कटर, आणि हात मनगटापर्यंत निळे.

ते काम आमच्याकडे पुष्कळ घरांत चालतं. उल्हासनगरला जीन्स शिवून होतात, पण शिलाईची लोंबती टोकं तशीच असतात. ती कापायला माल गठ्ठ्यांनी बाहेर घरोघर जातो. अध्यक्ष उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून रिक्षा भरून गठ्ठे आणायच्या, बायकांना वाटायच्या, आणि स्वतःच्या वाटणीचे घेऊन शाळेत येऊन बसायच्या. नवीन आलेल्या एका शिक्षिका बाईंनी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही इथं का बसता?" तर म्हणाल्या, "घरी बसून धागेच कापायचे. हितं बसलं तर धागेबी कापून हुतात आन शाळाबी बघून हुती." त्या बाई मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेल्या. सर म्हणाले, "त्या समितीच्या अध्यक्ष आहेत. बसू द्या. मीही हल्ली वेळेवर येतो ते त्यांच्यामुळेच."

समिती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. पालिकेच्या प्रत्येक शाळेत असते. मुलांचे आईवडील आपल्यातूनच माणसं निवडतात, त्यांच्यातलाच एक अध्यक्ष होतो, मुख्याध्यापक सचिव असतात, आणि दर महिन्याला सभा घ्यायची असते. ज्याचं मूल शाळेत शिकतंय तोच अध्यक्ष राहू शकतो. मूल शाळेतून गेलं की पद गेलं. आमच्याकडे आधी सभा होत नसे. शिपाईकाका घरोघर जाऊन सह्या आणायचे. अध्यक्षांना निवडलं तेव्हाही त्या हजर नव्हत्या. काकांनी दारात येऊन सांगितलं, "तुम्हाला अध्यक्ष केलंय, इथं सही करा." बाईंनी पदराला हात पुसून विचारलं, "सभा कुटं झाली?"

"झाली असं समजायचं."

"मग मी सही केली असं समजा," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या त्या गेल्याच नाहीत.

त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. देशावरच्या कुठल्याशा गावातून लग्न होऊन आलेल्या. पण मुलांना काय येतं, काय नाही ते बघायची त्यांची एक पद्धत होती. शेठकडे माल परत गेला की तिथे चेकिंग होतं, खराब पीस बाजूला काढतात, दुरुस्तीला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'अल्टर'ला, पाठवतात. अध्यक्षांनी तेच मुलांना लावलं. रस्त्यात कुठलंही पोर दिसलं की खांदा धरून उभं करायचं आणि समोर जे अक्षर दिसेल ते वाचायला लावायचं. "वाच." मोरिवलीच्या रस्त्यावर समोर काय दिसणार? कंपन्यांच्या पाट्या आणि टँकर. त्यामुळे आमच्या शाळेतली मुलं कमळ आणि बदक नीट वाचायच्या आधी 'ज्वलनशील' वाचायला शिकली. ज्याला येत नसे त्याला त्या मारत नसत, रागावतही नसत. नुसतं "अल्टर" म्हणायच्या आणि त्याच्या वर्गशिक्षकांना जाऊन सांगायच्या, "सर, तुमचा हा पीस अल्टरला हाय." मुलं त्यांना टाळायला मागच्या गटाराच्या कडेने जायची. त्यांचा स्वतःचा मुलगाही तिकडूनच जायचा.

त्या मुलाचं मला वाईट वाटायचं. माझ्याहून एक वर्ष मागे होता तो. आई दिवसभर व्हरांड्यात बसलेली, मधल्या सुट्टीत खिचडीच्या टोपात डोकावणारी, पहिला घास स्वतः खाऊन "मीठ कमी हाय" असं ओरडून सांगणारी. तो तिच्या समोरून जाताना मान वळवून असा जायचा की जणू कुणी ओळखीचं नाही. एकदा कुणीतरी त्याला विचारलं, "तुझी आई ना ती?" तो म्हणाला, "अध्यक्ष आहेत."

सभांचा प्रश्न बाईंनी कसा सोडवला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. सभेला बायका येत नसत. यायच्या कशा? दुपार मोडली की तेवढा माल राहतो. सर म्हणायचे, पालकांना आस्थाच नाही. अध्यक्ष म्हणाल्या, "आस्था हाय सर, हात रिकामा न्हाई." आणि त्यांनी सभा शाळेतून उचलून आपल्या घरी नेली. दर महिन्याला एका शनिवारी दुपारी. प्रत्येकीने आपला गठ्ठा घेऊन यायचं, कापत कापत बोलायचं. पहिल्या सभेला सर कोपऱ्यात खुर्चीवर फाइल घेऊन बसले. बाईंनी त्यांच्या हातात एक पँट आणि एक कटर दिला.

"हे काय?"

"सर, सगळ्यांचा हात चाललाय. तुमचा एकट्याचा मोकळा दिसतुया. बायकांना वाटतं सायेब बसलाय, मग त्या बोलत न्हाईत."

सर खाली सतरंजीवर येऊन बसले. पहिल्याच पँटची पट्टा ओवायची पट्टीच त्यांनी कापली. पण त्या दिवशी बायका खरंच बोलल्या. संडासाला कडी नाही, इथपासून बोलल्या. मी आईबरोबर बसले होते. कडी पुढच्याच आठवड्यात लागली. कुणाच्या तरी नवऱ्याने कंपनीतून वेल्डिंगचं सामान आणून लावली.

लोक त्यांना हसायचे तेही खरं. त्या कुणाकडून काम करून घ्यायचं असलं की त्याला सिंधी लोकांसारखं आदराने 'साईं' म्हणायच्या. शेठला म्हणायची सवय होती, तीच नगरसेवकाला, तीच पाण्याच्या टँकरवाल्याला. मतदानाच्या वेळी शाळेत आलेल्या पोलिसालाही "साईं, ते बाक जागेवर लावून मग जावा" म्हणाल्या होत्या. त्याने लावले.

आमची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी स्टेशनच्या बाजूच्या हायस्कुलात जायचं, आणि मधला रस्ता सगळा कंपन्यांमधून. दोन्हीकडे उंच भिंती, टँकरांची रांग, लांबपर्यंत एक दुकान नाही. मुलगे जायचे. मुली बहुतेक सातवीनंतर घरी बसायच्या. घरी बसायच्या म्हणजे धागे कापायच्या. मीही बसले. माझे वडील कंत्राटावर होते, काम कधी असायचं, कधी नसायचं. धाकटा भाऊ दुसरीत होता. आई म्हणाली, "त्या रस्त्यानं मी तुला पाठवायची नाय गो. काय झालं तर कोण बघणार?" ती चुकीचं बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही पूर्ण वाटत नाही. मी एक वर्ष धागे कापले.

त्याच वर्षी अध्यक्षांनी सभेत आठवीचा विषय काढला. शाळेतच आठवी पाहिजे. सर घाबरले. निवृत्तीला थोडे दिवस उरलेले. म्हणाले, "बाई, वर्गाला खोली लागते, मुलं लागतात. पालिकेच्या शिक्षण कार्यालयातून पाहणी होते."

"खोली हाय की. मोडक्या बाकांची."

"आणि मुलं?"

"मुलं मी दाखवती."

तेव्हा लोक काय म्हणायचे ते मी ऐकलंय. पाण्याच्या रांगेत एक बाई सरळ त्यांच्या तोंडावर म्हणाली, "अध्यक्ष, तुमचा पोरगा यंदा सातवीत. तो गेला की खुर्ची गेली. म्हणून आठवी पायजे ना?" सगळ्या हसल्या. अध्यक्षांनी हंडा उचलला आणि त्या चालू लागल्या. त्या उत्तर न देता गेलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या.

मोडक्या बाकांची खोली मुलांच्या वडिलांनी रविवारी साफ केली. बाक दुरुस्त झाले. अर्ज गेला. आणि साहेब पाहणीला येणार असा निरोप आला तो भर मे महिन्यात.

मे महिन्यात मोरिवलीत असतं कोण? कोकणातले कोकणात, देशावरचे देशावर. सातवी पास झालेली निम्मी पोरं आंब्याखाली आणि उरलेली जत्रेत. अध्यक्ष दिवसभर फोनवर. "अगं पाडव्याला गेलीस, अजून काय करतीस तिकडं? ये की! लगीन? कुणाचं? तुझ्या दिराच्या मेव्हण्याच्या लग्नाला तुझ्या पोराचं काय काम?" कुणी आलं नाही. सर म्हणाले, साहेबांना तारीख बदलून मागू. बाई म्हणाल्या, "सायबाची तारीख बदलली की पुढच्या मेमधी येतुय त्यो."

पाहणीच्या आदल्या दिवशी त्या गल्लीगल्लीतून फिरल्या. आमच्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, "उद्या सकाळी पोरीला शाळेत धाड. आंघोळ करून, दोन वेण्या घालून." एवढंच. मागच्या दोन-तीन वर्षांत सातवी करून घरी बसलेल्या सगळ्या मुलींना त्यांनी हेच सांगितलं. आम्हाला वाटलं, शाळेत कामाला बसवणार. मोठी ऑर्डर आली असेल, घरात जागा नसेल. म्हणून आम्ही दोन वेण्या घालून गेलो, आणि प्रत्येकीने आपापला कटर नेला.

बाकांवर बसलो. कटर समोर ठेवले. माल कुठे दिसेना. एवढ्यात सर एका बूटवाल्या साहेबांना घेऊन आत आले, मागून अध्यक्ष. साहेबांनी वर्ग बघितला, मग बाकावरचे कटर बघितले. शिस्तीत, ओळीने ठेवलेले.

"हे काय आहे?"

सरांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी आमच्याकडे. मी पहिल्या बाकावर होते, म्हणून साहेबांनी मलाच विचारलं.

"कितवीतून कितवीत गेलीस?"

मला खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं बोलू नको असंही सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सातवी पास आहे. गेल्या वर्षी. आता धागे कापते."

"आणि तू?"

"मीपण."

"तू?"

"धागे."

साहेबांचा आवाज चढला. "मुख्याध्यापक, ही या वर्षीची मुलं आहेत का? शाळा सोडलेल्या मुली गोळा करून बसवल्यात! ही सरळ फसवणूक आहे." सर रुमाल शोधायला लागले.

अध्यक्ष पुढे आल्या. "साईं, ह्या पोरी खोट्या हायत का?"

"बाई, विषय तो नाही."

"ह्याच विषय हायत. आठवी नव्हती म्हणून ह्या घरी बसल्या. तुमी ईचारलं, मुलं कुटं हायत. ही बघा. हितं हायत. यंदाची गावाला गेल्यात, ती येतील जूनला. ह्या गावाला गेल्या न्हाईत, ह्यांना काम हाय."

साहेब माझ्या बाकाशी आले. मग त्यांनी माझा कटर उचलून पाहिला. "कोण देतं हे काम यांना?"

"मी," अध्यक्ष म्हणाल्या.

मला वाटलं आता संपलं. साहेब त्यांच्याकडे वळले. "तुम्ही यांना काम देता. आणि तुम्हीच यांच्यासाठी वर्ग मागता."

"व्हय."

"या मुली जूनमध्ये वर्गात बसतील?"

"बसतील."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मी स्वतः येऊन बघेन. नसल्या तर वर्ग बंद." आणि ते गेले.

अध्यक्षांनी आम्हाला त्या दिवशी खरंच वर्गात बसवायचं म्हणून आणलं होतं, की नुसतं साहेबांना डोकी दाखवायला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी कधी विचारलंही नाही. साहेब गेल्यावर त्या आमच्या समोरच्या टेबलाला टेकल्या आणि म्हणाल्या, "ऐकलंसा न्हवं? मी बोलून बसली."

जूनच्या आधी त्यांनी नवा नियम काढला. ज्या घरात शाळेच्या वयाची पोरगी घरी बसलीय, त्या घरात माल नाही. काही घरांनी लगेच मान्य केलं, पोरी आता डोळ्यांसमोरच्या शाळेत जाणार होत्या. माझ्या आईने नाही केलं. तिचं म्हणणं वेगळं होतं. रस्त्याचा प्रश्न सुटला होता, पण वर्षभरात माझ्या हातांची घराला सवय झाली होती.

अध्यक्ष आल्या आणि त्यांनी दारातला गठ्ठा उचलला. आईने दुसरं टोक धरलं.

"सोडा, अध्यक्ष."

"पोरगी शाळेत जाती का?"

"माझी पोर, मी बघेन. तुम्ही कोण?"

"अध्यक्ष."

"बघा बघा! त्या खुर्चीसाठीच सगळं. तुमचा पोरगा आठवीत बसला की तुमचं एक वरीस वाढतं, म्हणून माझ्या चुलीवर पाणी? सगळं मोरिवली बोलतंय."

अध्यक्षांनी गठ्ठा सोडला नाही. पण आवाज खाली आणला. "व्हय, वाढतं. मला आवडती ती खुर्ची. म्हायेरात, सासरात, आजपतुर कुनी मला ईचारून काय केलं न्हवतं. हितं सर ईचारतात. सायेब ईचारतो. मला ती सोडवत न्हाई. बास? आता पोरीचं बोल."

आईला असं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. तिच्या हातातलं टोक सुटलं. अध्यक्ष गठ्ठा डोक्यावर घेऊन गेल्या.

पुढचे काही दिवस आमच्या घरात काम नव्हतं. आईने दुसरीकडे काम विचारलं, मिळालं नाही. शाळा सुरू झाली. भाऊ गेला, मी दारात बसून राहिले. व्हरांड्यात त्या दिवसांत अध्यक्ष दिसत नव्हत्या, असं भाऊ सांगायचा. मला वाटलं, पोरी जमल्या नाहीत म्हणून तोंड लपवून बसल्या असतील.

शनिवारी दुपारी आई उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल गो. आज काय तो सोक्षमोक्ष." ती भांडायला निघाली होती यात मला शंका नव्हती. वाटेत ती पुटपुटत काय काय वाक्यं जुळवत होती.

अध्यक्षांचं दार उघडंच होतं. आत पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे गठ्ठे. ज्या मुली शाळेत गेल्या त्यांच्या हातचं सगळं काम तिथे येऊन साचलं होतं, आणि शेठ थांबणारा नव्हता. मध्ये अध्यक्ष. त्यांच्या बाजूला त्यांचे यजमान, कंपनीच्या कपड्यांतच. मुलगा. सातवीच्या बाई. आणि दाराशी, सतरंजीच्या टोकाला, आमचे मुख्याध्यापक चष्मा नाकावर घेऊन धागे कापत होते. अध्यक्षांनी वर बघितलं, पण "या" म्हणाल्या नाहीत, आणि हातही थांबवला नाही.

आई उंबऱ्यात उभी राहिली. वाटेत जुळवलेलं तिला बहुतेक काही आठवलं नाही. ती सरांच्या हाताकडे बघत होती.

"अहो सर! शिवण कापताय ती!"

सर दचकले.

"लोंबतंय ते कापायचं. शिवणीतलं नाय. द्या इकडं." तिने कटर त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांच्या शेजारी बसली. एक पँट झाली, दुसरी झाली, तिसरी घेतली. मग मान वर न करता म्हणाली, "सोमवारी पोरगी येईल शाळेत. पण माझा गठ्ठा मला परत पाहिजे. आत्ता."

"ने की," अध्यक्ष म्हणाल्या. "कोनता पायजे?"

"माझाच."

साहेब जूनमध्ये आले. सगळ्या मुली वर्गात नव्हत्या. एकीचं घर बदलापूरला हललं होतं, आणि एकीला घरून सोडलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "सगळ्या म्हणाला होतात?" अध्यक्षांनी कटर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "एक गेली बदलापूरला. दुसरीच्या घरी मी आत्ताच निघाली होती. साईं, येताय का? बूटवाला मानूस बघितला की तिचा बाप ऐकंल." साहेब गेले त्यांच्याबरोबर. ती मुलगी काही आली नाही. पण वर्ग बंद झाला नाही.

त्या वर्षाबद्दल मी फार सांगत नाही. मी अभ्यास केला. अध्यक्षांचा मुलगा माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि गणितात मला विचारायचा. वर्ष संपत आलं तसा नव्या समितीचा विषय निघाला. मुलगा आठवी पास होऊन जाणार, म्हणजे अध्यक्षांचं पद जाणार. ही सभा मात्र शाळेत झाली. नवे मुख्याध्यापक आले होते, त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांनी विचारलं, नवीन अध्यक्षांसाठी कुणाचं नाव?

अध्यक्ष उठल्या आणि त्यांनी माझ्या आईकडे बोट दाखवलं. "ह्यांचा पोरगा चौथीत गेला. अजून लई वर्सं हायत."

आई ताडकन उभी राहिली. "मला? मला काय येतंय? मी सही करते ती पण सावकाश."

"तुमाला भांडता येतं."

"मी कुणाशी भांडते?"

"माज्याशी भांडला की! दारात. मोरिवलीत माज्याशी तेवढं कुनी भांडलं न्हाई." सगळ्या बायका हसायला लागल्या, आणि हसता हसताच हात वर झाले. आईला खाली बसायलाही सुचलं नाही. नवे सर तिचं नाव लिहून घेत म्हणाले, "अध्यक्ष, आपण दोन शब्द बोला."

मला वाटलं, ती आता रडेल किंवा निघून जाईल. तिने पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं. मग सरांकडे.

"आठवी झाली," ती म्हणाली. "आता नववीचं काय?"

सर म्हणाले, नववी या शाळेत होत नाही, त्याला हायस्कूलच लागतं, नियमच तसा आहे.

"ते मला माहीत हाय. मी काय म्हणते, ह्या पोरी परत घरी बसणार काय? तो रस्ता तसाच हाय. मग वरीसभर आपण काय केलं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवे सर घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा आईच म्हणाली, "मी सोडायला जाईन. रोज. कोण येतंय बरोबर?"

दोघी-तिघींनी हात वर केले. जुन्या अध्यक्षांनीही केला. नवे सर हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही आता समितीत नाही."

"रस्त्यावरनं चालायला समिती लागती व्हय?"

नववीच्या पहिल्या दिवशी आम्ही त्या कंपन्यांच्या रस्त्याने निघालो. भिंती तेवढ्याच उंच होत्या, टँकर तेवढेच होते. आई सगळ्यांच्या पुढे होती, जरा जास्तच भरभर चालत होती, मला वाटतं तिला भीती वाटत होती. मध्ये आम्ही मुली, नव्या दप्तरांच्या. आणि सगळ्यांत मागे त्या. वळणावर एका गेटातून टँकर बाहेर निघायला लागला, हॉर्न देत. आई थबकली. मागून चपलांचा आवाज करत त्या धावत पुढे गेल्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी निळा हात वर केला.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ मौसी! हटो ना, टाइम हो रहा है!"

"थांब रे," त्या म्हणाल्या. "पोरी जातायत." आणि आईकडे वळून, "चला अध्यक्ष, तुमी व्हा म्होरं."